पॉवर सप्लायचा पंखा: तेल घालावे की बदलावा?

संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या घरघरणाऱ्या पंख्यात खोबरेल तेल सोडावे, असे या चर्चेत वर एका सदस्याने सुचवले आहे. ते कृपया करू नये, कारण नाशिकच्या थंडीत खोबरेल गोठते आणि एरवीही धूळ धरून त्याचा चिकटा होतो. घालायचेच तर पंखा स्लीव्ह बेअरिंगचा (दांडा साध्या नळीत फिरणारा) असल्याची खात्री करून, मधले स्टिकर अर्धे सोलून शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत.

नाशिकच्या सातपूरला असताना मी हेच केले होते. पात्यांवर करडा, नमद्यासारखा थर होता आणि बोटाने ढकललेले पाते अर्ध्या फेरीत थांबत असे. तेलाने हिवाळा निभावला, पण एप्रिलच्या उन्हात तोच आवाज परतला, तेव्हा पंखाच बदलला.

मात्र सप्लायचा डबा उघडण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात, म्हणून मल्टिमीटरने तपासल्याशिवाय आत बोट घालू नये; मल्टिमीटर हाताळता येत नसेल तर काम सरळ तंत्रज्ञाकडे द्यावे.

नवा पंखा त्याच मापाचा (८० किंवा १२० मिलिमीटर, जाडीही तीच), १२ व्होल्टचा आणि शक्यतो बॉल बेअरिंगचा (दांडा छर्ऱ्यांवर फिरणारा) घ्यावा. स्टिकरवरील अँपिअर जुन्याशी जुळवावेत. काही सप्लायमध्ये पंख्याच्या वायरी थेट बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या असतात. तिथे त्या मध्येच कापून, लाल-काळा क्रम राखून जोडाव्यात व सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी. पंखा बसवताना हवेची दिशा उलटली तर सगळी मेहनत वाया जाते.