मदत हवी आहे: प्रिंटिंगच्या गमची टाकी नीट ढवळली जात नाही, मोटर वाढवू का पाती बदलू?

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. रिअ‍ॅक्टिव्ह कलरसाठी सोडियम अल्जिनेटचा गम (रंग घट्ट करायची खळ) आम्ही इथंच बनवतो. टाकी एसएसची, व्यास 1 मीटर, आत माल पण साधारण 1 मीटर उंच, म्हणजे पावणेआठशे लिटर. वरून शाफ्ट, खाली 45 अंशात तिरकी चार पाती, ढवळणीचा व्यास 350 मिमी. मोटर 3 एचपी, गिअरबॉक्समधून 144 आरपीएम.

पावडर टाकताना पाणी मस्त फिरतं, मधे भोवरा पडतो, काही तक्रार नाही. पण गम घट्ट व्हायला लागला की पात्याभोवतीचा माल तेवढा गरगर फिरतोय आणि कडेचा जागचा हलत नाही, वर रंगाचा थेंब टाकला तर तो तिथंच बसून राहतो. वर आणि गुठळ्या, त्या स्क्रीनच्या जाळीत अडकतात आणि टॉवेलवर पांढरे ठिपके येतात, मग पार्टी माल घ्यायला तयार नसते. फॅब्रिकेटर म्हणतो 7.5 एचपी बसवा, स्पीड डबल करा. पण अँपिअर बघितले तर आहे तीच मोटर रिकामी चालल्यासारखी दाखवतीय. मग मोठी घेऊन काय होणार?

पंपवाला: दादा, मोटरला हात लावू नका. पाणी असताना तुमच्या टाकीत रेनॉल्ड्स नंबर (माल किती खळबळतो ते सांगणारा आकडा) जवळजवळ 3 लाख येतो. गम 10,000 सेंटिपॉइजचा (घट्टपणाचं माप, पाणी 1 च्या आसपास) धरला तर तोच नंबर 30 च्या खाली. रेनॉल्ड्स नंबर 10,000 च्या वर असला तर टाकीत खरी खळबळ होते, इतक्या खाली माल फक्त सरकतो, आपोआप मिसळत नाही. त्यात गमचा स्वभाव असा की जिथं पातं फिरतंय तिथं पातळ आणि लांब तसाच घट्ट. त्यामुळं पात्याभोवती फिरत्या मालाची एक गुहा तयार होते, तिला कॅव्हर्न म्हणतात. स्पीड वाढवला तर ती थोडी मोठी होईल, पण हवा ओढून फेस पण होईल.

आणि पॉवरचं बघा. पाण्यात या ढवळणीला 100 वॅटच्या आसपास लागतात. स्पीड डबल म्हणजे पॉवर आठपट, तरी एक एचपीच्या आसपासच, घट्ट मालाला थोडं जास्त धरा. 7.5 कुठून काढले काय की.

तुम्हाला कडेपर्यंत पोचणारं काहीतरी पाहिजे. अँकर (नांगराच्या आकाराची ढवळणी) स्वस्त पडतो, भिंतीजवळून फिरतो, पण माल वर-खाली करत नाही. हेलिकल रिबन (स्क्रूसारखी वळत जाणारी पट्टी) ते पण करतो, बनवायला किचकट आहे. स्पीड 20-30 आरपीएम पुरे, पण टॉर्क (फिरवायचा जोर) जास्त लागतो म्हणून गिअरबॉक्स टॉर्क बघून निवडा, एचपी बघून नको. कोणी बॅफल (टाकीच्या भिंतीला आतून उभ्या पट्ट्या) लावायला सांगितलं तर ऐकू नका, घट्ट माल त्यांच्या मागं साचून राहतो. आताची ढवळणी पावडर टाकायला ठेवा, भोवऱ्यात हळूहळू भुरभुरायची, एकदम ओतली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होणारच.

डायहाउस_ताई: एक विचारू का, पाणी बोअरचं आहे का? अल्जिनेटला कॅल्शियम चालत नाही, तो त्याचा जेल करून टाकतो आणि त्या गुठळ्या कितीही ढवळलं तरी विरघळत नाहीत. आधी दोन बादल्या करून बघा, एक बोअरच्या पाण्याची, एक आरओच्या. नाहीतर पावडरच्या आधी पाण्यात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट टाका, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, आमच्याकडं तेच करतात.

मूळ धागाकर्ता: ताई, बोअरचंच पाणी ओ! बादल्या करून बघितल्या. आरओच्या पाण्यात गुठळ्या फारच कमी, ज्या होत्या त्या रात्रभर ठेवल्यावर फुगून विरघळल्या. बोअरच्या बादलीत बारीक दाणे सकाळीपण तसेच. म्हणजे ठिपक्यांचा मोठा भाग पाण्याचाच होता, फॅब्रिकेटर आणि मी उगाच मोटरवर भांडत बसलेलो.

कडेचा माल हलत नाही ते मात्र आहेच, रंग सारखा मिसळत नाही, त्यामुळं रिबन करायचं ठरवतोय. पंपवाले दादा, भिंतीपासून फट किती ठेवू? टाकी थोडी चेपलेली आहे, एका बाजूला पाऊण सेंटिमीटरचा फरक येतो. रिबनच्या कडेला टेफ्लॉनच्या पट्ट्या लावून भागेल का आधी टाकी गोल करून घेऊ?