मदत हवी आहे: घरातले साबण-पावडरी आणि सॉफ्टवेअर, सारख्या नावांच्या जोड्या सुचवा

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयात रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांना लिनक्स शिकवते. मुलं मराठी माध्यमातली, हुशार आहेत पण काळ्या स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसली की अंग चोरून बसतात. परवा विम एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्राम) काढला तर मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, भांड्यांचा विम?" अख्खा वर्ग हसला, आणि मग मात्र सगळे पुढे सरकून बघायला लागले, डावीकडे ती नागमोडी चिन्हांची रांग का आहे, मधे युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं का लिहिलंय, एकामागून एक प्रश्न. (ते खरंच आहे, ब्राम मोलेनारनी एडिटर फुकट दिला आणि आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी पैसे द्या एवढंच मागितलं. 2023 मध्ये ते गेले, ओळ अजून येते.) तेव्हापासून मी अशा जोड्या गोळा करतेय, कारण ओळखीचं नाव कानावर पडलं की मुलांची भीड चेपते हे डोळ्यांनी पाहिलंय.

विमचं मला माहितीय, लिव्हर कंपनीची विम पावडर 1904 ची आणि एडिटर 1991 चा, नाव व्हीआय या जुन्या एडिटरवरून, आधी व्हीआय इमिटेशन आणि मग व्हीआय इम्प्रूव्हड यावरून, म्हणजे भांड्यांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग.

नेटवर सगळीकडे सापडते ती अजॅक्स आणि कॉमेटची जोडी. पान रिफ्रेश न करता सर्व्हरकडून माहिती आणायच्या पद्धतीला 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेटनी अजॅक्स म्हटलं, पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स रसेलनी सर्व्हरनेच कनेक्शन उघडं ठेवून माहिती ढकलायच्या पद्धतीला कॉमेट नाव दिलं. अमेरिकेत अजॅक्स आणि कॉमेट दोन्ही घासायच्या पावडरी, त्यामुळे दुसरं नाव मुद्दाम जुळवलेलं, योगायोग नव्हेच. किस्सा मला फार आवडतो पण आमच्याकडे कुणाच्या मोरीत अजॅक्स नाही हो, मुलांना आधी पावडर समजावून सांगायची आणि मग गंमत, त्यात मजा जाते.

तर मला आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळणारीच नावं हवीत. सर्फ नावाचा छोटासा ब्राउझर आहे तो धरलाय. टाइड नावाचं पण काहीतरी आहे असं ऐकलं, ते काय आहे? आणि अजून कुठली आहेत? कृपया खात्रीचंच सांगा, मुलं घरी जाऊन शोधतात.

प्रतिसाद:

ताई, उपक्रम फार छान. टाइड हे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा आहे, तुमच्या मुलांना त्याचा आत्ता उपयोग नाही, सोडून द्या. त्यापेक्षा व्हील घ्या! निरमाला टक्कर द्यायला हिंदुस्तान लिव्हरने 1980 च्या दशकात आणलेली व्हील पावडर गावात सगळ्यांना माहिती असते, आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) बहुतेक ज्या फाइलमधून येतात तिचंही नाव व्हील, शेवटी डॉट डब्ल्यूएचएल असतं. पॅकेजांच्या साठ्याला पूर्वी चीज शॉप म्हणायचे, त्यावरून चीजचं अख्खं चाक म्हणून व्हील. पिपने (पायथॉनची पॅकेजेस आणायची कमांड) एखादं पॅकेज इन्स्टॉल करायला लावा, डाउनलोड होताना स्क्रीनवर बहुतेक वेळा फाइलचं हे नाव दिसतं. आणि फेडोरा हे लिनक्स वापरत असाल तर सुडोचा (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवायचा) अधिकार ज्या ग्रुपला असतो तोही व्हील, एका नावात दोन धडे होतील. सर्फ डेबियन या लिनक्सच्या पॅकेजांमध्ये आहे, आधी एका मशीनवर टाकून बघा, अ‍ॅड्रेस बार दिसत नाही म्हणून मुलं गोंधळतील, कंट्रोल जी दाबलं की पत्ता टाकायला जागा येते. वर्गात कुठलं लिनक्स आहे ते सांगा, त्याप्रमाणे अजून सुचवतो.