सराव पाठात तंत्रज्ञान : तुमच्या वर्गात खरं काय झालं?

परवा माझा आठवा सराव पाठ झाला, म्हणजे शिक्षक होण्याआधी शाळेत जाऊन घ्यायचा तास. नववी, भूगोल, अंतर्गत हालचाली. पस्तीस मिनिटांचा तास. कॉलेजचा प्रोजेक्टर स्कूटीवर पायात धरून नेला. केबल लागेपर्यंत अकरा मिनिटं गेली. वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, आणि जळगावचं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. भिंतीवर ज्वालामुखीऐवजी ओल आल्यासारखा डाग दिसत होता. पहिल्या बाकावरच्या पोराने शांतपणे विचारलं, "मॅडम, हाई काय शे?" शेवटी खडू घेतला, फळ्यावर शंकू काढला, लाल खडूने लाव्हा सोडला. तेव्हा कुठे वह्या उघडल्या.

निरीक्षण पत्रकावर शेरा आला : तंत्रज्ञानाचा वापर, उत्तम.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. यंत्र वर्गात आणलं याचे गुण आपल्याला मिळतात. पोरांनी त्याचं काय केलं, याला पत्रकात रकानाच नाही. म्हणून हा धागा. बी.एड.वाले, डी.एल.एड.वाले, जुने शिक्षक, सगळ्यांनी लिहा. 'एकविसाव्या शतकात तंत्रज्ञानाचे महत्त्व' नको, तो निबंध आपण पेपरात लिहितोच. काय झालं तेवढं लिहा.

शिंदखेडा तालुका, विज्ञान अध्यापन पद्धती

माझं उलटं झालं. आठवीच्या पोरांना येताना कपाशीचं एकेक पान आणायला सांगितलं होतं. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, पण तो कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मग माझा जुना फोन टेबलावर आडवा ठेवला, पुढचा कॅमेरा सुरू केला आणि त्याच्यावर काडीने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब वरून फुगीर, म्हणजे फुकटातलं बहिर्वक्र भिंग. त्याच्यावर अगदी जवळ पान धरायचं, खिडकीचा उजेड आरपार येईल असं, आणि केसभर वर-खाली करत राहायचं. आधी नुसतं हिरवं धुकं. मग एकदम मावा, पिकावरची ती बारीक कीड! पाय हलताना दिसले. वर्ग टेबलावर पडायचाच बाकी होता.

एक पोरगा मागून म्हणाला, "आमच्या बाबांनी परवाच फवारलं, तरी हा जिवंत कसा?" झालं. अपवर्तन बाजूला राहिलं आणि तास त्या प्रश्नावर गेला. पानाच्या मागच्या बाजूला फवारा पोचतो का, तेच ते औषध पुन्हापुन्हा मारलं तर काय होतं. निम्म्याहून जास्त उत्तरं पोरांनीच दिली.

माझा शेरा : 'पीपीटी जोडावी.'

धडगाव, डी.एल.एड. आंतरवासिता

देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, २०१० साली. मला मात्र रेंजसाठी अजून शाळेमागची टेकडी चढावी लागते. त्यामुळे शनिवारी शहाद्याला गेले की दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि आठवडाभर पुरवायचे.

माझी पहिलीची मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. व्हिडिओतली ताई गोड आवाजात प्रमाण मराठी बोलते. मुलं चित्रं बघायची, चाल गुणगुणायची, आणि मी काही विचारलं की गप्प. परकं पुस्तक आता नुसतं हलायला लागलं होतं, एवढाच फरक. एक दिवस चौथीतल्या एका मुलीला चित्रतक्ता दाखवला आणि "काय काय दिसतं ते तुझ्या बोलीत सांग" म्हणून फोनवर रेकॉर्ड केलं. पहिलीला ऐकवलं तर आधी सगळी फिदीफिदी हसली. फोनमधून आपली बोली येते हेच त्यांना नवल. दुसऱ्यांदा लावलं तर एकाने तिची चूक काढली! बोकडाला ती शेळी म्हणाली होती. वर्गात आपणहून बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य. आता रोज एक मूल रेकॉर्ड करतं. आधी पावरी, मग तोच शब्द मराठीत. मला स्वतःला पावरी येत नाही, तीही अशीच शिकतेय.

अमळनेर, बी.एड. पहिलं वर्ष

आमची २०२०ची दहावीची बॅच. कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला. आणि मी आता भूगोल पद्धती घेतलीय, हसा.

अकरावी फोनवर झाली. फोन एक, आम्ही भावंडं तिघं, आणि मोटर चालू करायला शेतात जाताना तोच फोन वडिलांच्या खिशात. हजेरी लागायची, शिकणं नाही. म्हणून मी व्हॉट्सॲपवर गृहपाठ टाकत नाही. टाकणाऱ्यांशी भांडतोही.

रावेर, बी.एड. दुसरं वर्ष

पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, एआयकडून लिहून घेतलं, कबूल करतो. गुणाकारासाठी त्याने समुद्रकिनाऱ्यावरचे शिंपले दिले. आमच्या पोरांनी तापी पाहिलीय, समुद्र नाही. शिंपले काढून केळी घातली : एका घडाला आठ फण्या, फणीला पंधरा केळी, तर एकूण किती? तिसऱ्या रांगेतून हात वर : "सर, फण्या सारख्या नसतात. खालची लहान असते." केळीबागेतलं पोर ते. मी तिथेच उदाहरण बदललं, प्रत्येक फणीची केळी वेगळी लिहून बेरीज करायला लावली आणि मग विचारलं, गुणाकार कधी चालेल? टाचणात हे कुठेच नव्हतं.

आणखी एक. आमच्या गटातल्या चौघांचे प्रस्तावनेचे प्रश्न शब्दशः सारखे निघाले. सरांनी चौघांना एकाच वेळी उभं केलं.

चोपडा तालुका, नोकरीची शेवटची दोन वर्षं

२०१५नंतर शाळा डिजिटल करायची लाट आली, तेव्हा आमच्या गावाने वर्गणी काढून टीव्ही दिला. हार घालून बसवला. बिल थकलं, वीज तोडली, टीव्हीला आमच्या मावशींनी खोळ शिवली. खोळ अजून छान आहे.

मी रोज वापरतो तो एक छोटा स्पीकर. मुलांनी वाचलेलं त्यांनाच ऐकवतो. "सर, मी इथे थांबलो नाही," असं पोरं स्वतःच म्हणतात. पूर्णविराम शिकवायला मला याहून सोपं काही सापडलं नाही.

धागा काढणारी

सर, स्पीकरची कल्पना उचलतेय. गुरुवारी नववा पाठ, प्रोजेक्टर नेत नाहीये. आणि शिंदखेडावाले दादा, तो थेंब केवढा ठेवायचा? माझा दोनदा ओघळला.

शिंदखेडा

काडेपेटीच्या काडीच्या टोकावर राहील तेवढाच. आणि ताई, फोन जुनाच घ्या.