मदत हवी आहे : अ‍ॅनिमेचे भाग यादीत नाहीत, आणि जे आहेत ते टीव्हीवर अडकतात

वाघबीळकर

नमस्कार मंडळी. पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) अ‍ॅपबद्दल मदत हवी आहे. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही, उत्तरं सगळ्याच अ‍ॅपना लागू पडावीत.

ठिकाण घोडबंदर रोड, चौदावा मजला. फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर मुख्य दाराशेजारच्या पत्र्याच्या डीबीत (वायरिंगच्या पेटीत) बसवलेला, टीव्ही हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीवर. टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, पण स्मार्ट नाही. त्याला बिनब्रँडचा अँड्रॉइड बॉक्स लावलाय आणि बॉक्सची पॉवर टीव्हीच्याच यूएसबीतून घेतलीय.

भागांचा घोळ असा : 'अटॅक ऑन टायटन'च्या तिसऱ्या सीझनमध्ये १२ भाग दिसतात, बाकी सगळीकडे २२ लिहिलेत. 'डीमन स्लेअर'चा दुसरा सीझन एका ठिकाणी ११ भागांचा, दुसरीकडे १८ चा. सध्या सुरू असलेल्या मालिकेचा शनिवारचा भाग कधी शनिवारी रात्री येतो, कधी येतच नाही, आणि हिंदी डब तीन भाग मागे आहे.

चालण्याचा घोळ : बॉक्सवर चित्र धूसर, फोनवर तोच भाग लख्ख. रात्री ९ ते ११ मध्ये दर पाच-सात मिनिटांनी गोल चक्र फिरत राहतं. फोनवरच्या एका फुकट अ‍ॅपमध्ये जाहिरातीची वेळ आली की काळा पडदा. आणि कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा चित्र थरथरतं.

कस्टमर केअर 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका' एवढंच सांगतं. दोनदा करून झालं. सुरुवात कुठून करू?

खारेगाव_खाडी

भागांचं मी सांगतो, यंत्रांचं बाकीचे सांगतील.

तुमचे भाग बहुतेक गायब नाहीत, ते दुसऱ्या नावाखाली बसलेत. जपानी टीव्हीवर मालिका तिमाहीच्या हिशोबाने लागते, एका तिमाहीत साधारण १२-१३ भाग. त्या तुकड्याला तिकडे 'कूर' म्हणतात. 'अटॅक ऑन टायटन'चा तिसरा सीझन दोन कूरमध्ये आला : २०१८ मध्ये १२ भाग, मग २०१९ मध्ये १०. काही अ‍ॅप दोन्ही एकत्र ठेवतात, काही 'सीझन ३ भाग २' अशी वेगळी नोंद करतात. म्हणून 'सीझन अमुक, भाग तमुक' असं शोधू नका, सलग क्रमांक धरा. पहिला सीझन १ ते २५, दुसरा २६ ते ३७, तिसरा ३८ ते ५९, शेवटचा ६० ते ८७, आणि त्यानंतर २०२३ मधले दोन मोठे विशेष भाग. तुमच्याकडे ४९ नंतर थेट ६० येत असेल तरच भाग खरोखर नाहीत असं म्हणता येईल. याशिवाय आठ ओव्हीए आहेत, म्हणजे मांगाच्या (जपानी कॉमिकच्या) खंडांबरोबर डिस्कवर निघालेले जादा भाग. त्यांचे हक्क बऱ्याचदा वेगळे विकले जातात, त्यामुळे ते नसले तर आश्चर्य नको.

'डीमन स्लेअर'ची गंमत अशी की 'मुगेन ट्रेन' आधी २०२० मध्ये चित्रपट म्हणून आला आणि २०२१ मध्ये त्याचेच ७ टीव्ही भाग केले. त्यातला पहिला नवा, उरलेले सहा म्हणजे चित्रपटाचेच तुकडे. त्यामागून 'एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट'चे ११. सात अधिक अकरा म्हणजे तुमचे १८. जिथे ११ दिसतात तिथे ट्रेनचा भाग 'चित्रपट' या विभागात किंवा वेगळ्या सीझनच्या नावाने शोधा. चित्रपट पाहिला असेल तर सातपैकी पहिलाच भाग पाहिला तरी पुरतं.

शोधताना जपानी नावही टाकून बघा : 'शिंगेकी नो क्योजिन', 'किमेत्सु नो याइबा'. इंग्रजी नावाने न सापडलेली नोंद अशी सापडते. मूळ भागसंख्या ताडून पाहायला 'मायअ‍ॅनिमेलिस्ट' किंवा 'अ‍ॅनिलिस्ट' चांगली. दोन्हीकडे मधे खंड पाडून आलेल्या कूरची सहसा वेगळी नोंद असते.

आता शनिवारचा घोळ. जपानची वेळ आपल्या साडेतीन तास पुढे. त्यातून तिकडची वाहिनी मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम आदल्याच दिवसात मोजते : 'शनिवार २५:३०' म्हणजे रविवारी पहाटे दीड, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री १०. अ‍ॅपवर तो टीव्हीनंतर काही वेळाने चढतो, म्हणून 'शनिवारचा भाग' आपल्याला कधी रविवारी उठल्यावरच दिसतो. आणि एखाद्या आठवड्यात तिकडे खेळाचं थेट प्रक्षेपण किंवा मागच्या भागांची उजळणी असेल, तर नवा भाग नसतोच.

डब मागे राहणं हा बिघाड नाही, डब उशिरानेच निघतात. पण एक सापळा आहे. अ‍ॅपची ऑडिओ भाषा हिंदी ठेवली की काही अ‍ॅप यादीत फक्त डब झालेलेच भाग दाखवतात. ऑडिओ जपानी, सबटायटल इंग्रजी करा, अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा आणि यादी पुन्हा मोजा. प्रोफाइलची वयोमर्यादाही बघा. ती १३+ वर असेल तर वरच्या वर्गातली मालिका शोधातही येत नाही.

एवढं करूनही एखादा सीझन नसेल, तर तो हक्कांचा प्रश्न. हक्क देशागणिक आणि सीझनागणिक विकले जातात. भारतासाठी बऱ्याच मालिका तैवानच्या म्यूझ कम्युनिकेशनकडे किंवा हाँगकाँगच्या मीडियालिंककडे असतात. त्यांची यूट्यूबवर 'म्यूझ' आणि 'अ‍ॅनी-वन' ही अधिकृत चॅनेलं आहेत, तिथे आधी बघा. मुदत संपली की तिथूनही भाग उतरवले जातात.

सानपाडा_नोड

धूसर चित्राचं कारण जवळजवळ नक्की वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप (डीआरएम). पैसे भरलेला व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि ते कुलूप उघडायची सोय यंत्रात कोणत्या पातळीची आहे यावर दर्जा ठरतो. एल१ असेल तर एचडी आणि वर, एल३ असेल तर बहुतेक अ‍ॅप ४८० वरच थांबवतात, मग प्लॅन कितीही महागडा घ्या. बिनब्रँड बॉक्स बहुधा एल३ असतात.

तपासायला बॉक्सवर प्ले स्टोअरमधून 'डीआरएम इन्फो' टाका, वाइडवाइनखाली 'सिक्युरिटी लेव्हल' ही ओळ बघा. प्ले स्टोअर, सेटिंग्ज, अबाउट इथे 'डिव्हाइस सर्टिफाइड नाही' असं येत असेल तरी समजून जा. एल३ चं एल१ घरी करता येत नाही, त्याची किल्ली कारखान्यातच बसते. 'पॅच' देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

एल१ असूनही धूसर किंवा काळं दिसलं तर एचडीएमआयची वाट बघा. बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये स्प्लिटर असेल तर तो काढून थेट लावा. टीव्हीपर्यंतच्या सगळ्या जोडांना एचडीसीपी (एचडीएमआयवरचं कॉपी रोखणारं कुलूप) जमलं नाही की अ‍ॅप दर्जा उतरवतं किंवा पडदा काळा करतं.

पॉवर आजच बदला. टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअरसाठी असतं आणि असे बॉक्स ५ व्होल्ट २ अँपिअर मागतात. व्हिडिओ उलगडताना आणि वायफाय ओढताना ताण एकदम वाढतो, व्होल्टेज बसतं आणि वायफाय तुटतं. तुम्हाला ते 'बफरिंग' वाटतं. बॉक्सच्या खाली किती अँपिअर छापलंय ते वाचून तेवढा अडॅप्टर लावा.

थरथरण्याचा नेटशी संबंध नाही. अ‍ॅनिमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमने येतं, टीव्ही ६० हर्ट्झवर चालतो. मेळ बसवायला एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. पात्रं बोलतात तेव्हा हे कळत नाही, कारण चित्रंच सेकंदाला १२ किंवा ८ नवी काढलेली असतात. पण पार्श्वभूमी आडवी सरकते तेव्हा ती दर फ्रेमला हलते आणि हिसका डोळ्यात येतो. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच कंटेंट फ्रेम रेट' असेल तर सुरू करा. आणि टीव्हीवर मोशन स्मूदिंग असेल तर कृपा करून बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवतं, आणि हाताने मोजूनमापून काढलेल्या हालचालीची वाट लागते.

दिघा_फायबर

रात्रीच्या चक्राबद्दल. १०८० ला साधारण ५ ते ८ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे १०० चा प्लॅन २०० केला तरी फरक पडणार नाही. प्रश्न स्थिरतेचा आहे.

पहिली चाचणी : रात्री साडेनऊला बॉक्स फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तोच भाग तिथूनच चालवा. नीट चालला तर अ‍ॅप आणि बॉक्स दोन्ही सुटले, दोष घरच्या वायफायचा किंवा लाइनचा.

ते दोन वेगळे करायला लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवा, वायफायवरच. दोन खिडक्यांत सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा, एक राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरा ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्यावर. दहा मिनिटं बघा. राउटरचंच उत्तर २-३ मिलिसेकंदांवरून २०० वर उडत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर वायफाय. राउटर शांत आणि बाहेरचंच उडतंय, तर ऑपरेटर. त्याच खिडकीचा वेळेसकट फोटो काढून त्याला पाठवा. 'नेट स्लो आहे' याला तो उत्तर देत नाही, याला द्यावं लागतं.

तुमच्या वर्णनावरून मी आधी वायफाय पकडेन. पत्र्याच्या डीबीत राउटर म्हणजे डब्यात दिवा लावल्यासारखं आहे. फायबरचं यंत्र आत राहू दे, राउटर वेगळा असेल तर त्याला हाताभर लॅनची केबल जोडून बाहेर काढा. दोन्ही एकातच असतील तर ऑपरेटरकडून यंत्र बाहेर बसवून घ्या. फायबरची पिवळी केबल स्वतः ओढू नका, ती घट्ट वळली की सिग्नल पडतो. टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या पंधरा-वीस घरांची गर्दी असते, आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६, ११. बॉक्स ५ गिगाहर्ट्झवर घ्या. ५ चं नाव बॉक्सला दिसत नसेल तर राउटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडा, स्वस्त बॉक्सना ५२ च्या पुढचे कधी कधी पकडता येत नाहीत. सगळ्यात भरवशाचं म्हणजे लॅनची केबल. बॉक्सचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असलं तरी ते पुरून उरतं.

काळ्या पडद्यासाठी फोनमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता असेल तर हेच होतं : जाहिरातीचा तुकडा आलाच नाही, प्लेअर त्याची वाट बघत बसला. 'ऑटोमॅटिक' करा.

आणखी एक, भागांच्या यादीशी जोडलेलं. त्याच खात्याची यादी एकदा वायफायवर, एकदा मोबाइल डेटावर बघा. दोन याद्या वेगळ्या आल्या तर ऑपरेटरने दिलेला आयपी पत्ता एखाद्या डेटाबेसमध्ये परदेशी म्हणून नोंदलेला असतो. ती दुरुस्ती ऑपरेटरनेच करून घ्यायची असते, अ‍ॅपवाले नाही. यात राज्य किंवा शहर चुकीचं दिसलं तरी चालतं, देश चुकता कामा नये. व्हीपीएन विसरून चालू राहिला असेल तरीही असंच दिसतं.

कोपरी_पूर्व

मधेच विचारते : आमच्याकडे चित्र, आवाज ठीक. पण डबवर गेलं की सबटायटल जातात, फक्त पाट्यांचं भाषांतर राहतं.

खारेगाव_खाडी

ताई, डबबरोबर अ‍ॅप आपोआप 'साइन्स अँड साँग्स' ट्रॅक निवडतं. त्यात फलक, पत्रं आणि गाणी एवढंच असतं. सबटायटलच्या यादीत पूर्ण इंग्रजी असेल तर हाताने निवडा. पण ती जपानी संवादांवरून केलेली असतात, डबच्या वाक्यांशी शब्दाला शब्द जुळणार नाहीत. काही मालिकांत डबला पूर्ण सबटायटल दिलेलीच नसतात.

वाघबीळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासून आलो.

'सीझन ३ भाग २' वेगळ्या नावाने सापडला, १० भाग. ट्रेन चित्रपटांच्या विभागात होती. ऑडिओ जपानी केल्यावर चालू मालिकेचे तीन भाग वर आले. वायफाय आणि मोबाइल डेटावर यादी एकच. प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिक केल्यावर फुकट अ‍ॅप सुरळीत. डीआरएम इन्फोत एल३. अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा लावला, राउटर डीबीबाहेर भिंतीवर घेतला. आधी राउटरचं पिंग १८०-२५० पर्यंत उडायचं, आता ३ ते ६. काल ९ ते ११ मध्ये चक्र एकदाही नाही.

उरलं धूसर चित्र. बॉक्स बदलेपर्यंत लॅपटॉप एचडीएमआयने लावला तर चालेल का?

सानपाडा_नोड

चालेल. विंडोज असेल तर क्रोमऐवजी एजमध्ये लावून बघा. तिथे कुलुपाची वेगळी सोय आहे आणि काही सेवा त्यात जास्त दर्जा देतात. पडदा काळा आला तर आधी स्क्रीन रेकॉर्डर आणि दुसरा जोडलेला मॉनिटर बंद करा. तरी काळाच राहिला तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा.

थरथर घालवायला डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट बघा. टीव्ही २४ किंवा २३.९७६ हर्ट्झ स्वीकारत असेल तर तो पर्याय तिथे दिसेल. पाहून झालं की परत ६० करा, नाहीतर माउस जड वाटेल.

नवा बॉक्स घेताना दुकानात चालू करून डीआरएम इन्फो दाखवायला सांगा. खोक्यावरचं '४के' म्हणजे तो कोणतं रिझोल्युशन बाहेर काढतो एवढंच, एल१ आहे की नाही ते त्यावरून कळत नाही.

दिघा_फायबर

आणि कधी अ‍ॅप सोडायचं ठरवलंत, तर नुसतं काढून टाकून वर्गणी थांबत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपने भरलंय त्यात 'ऑटोपे' उघडून ते मँडेट रद्द करा. प्ले स्टोअरमार्फत घेतली असेल तर तिथल्या 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेची सूचना येते, ती तारीख लक्षात ठेवा. पैसे घेऊनही सेवा मिळत नसेल आणि अ‍ॅपवाले दाद देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत मालिकेचं नाव, सलग भाग क्रमांक, यंत्राचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, एरर कोड आणि वेळ लिहा. तुमच्याकडे हे सगळं आता तयारच आहे.