मदत हवी आहे: पोरांना शिकवणाऱ्या माणसाचाच इन्सेंटिव्ह बुडतोय, काय करू?

सुपरवायझर_बी_शिफ्ट:

नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे मी. साठेक माणसं, ९ सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारे), ५ व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीन), गाड्यांचे सुटे भाग करतो. आमच्याकडे एक सेटर (नवीन जॉबसाठी मशीन लावून देणारे) आहेत, त्यांना नाना म्हणू (खरं नाव नाही देत). वय ५२, इथं २३ वर्षं झाली. आयटीआय करून आलेला किंवा अप्रेंटिस म्हणून लागलेला कुठलाही पोरगा पहिले दोन-तीन महिने नानांच्या आजूबाजूलाच असतो, असं कुणी ठरवलेलं नाही पण तसंच चालत आलंय. ऑफसेट कसा द्यायचा, सॉफ्ट जॉ कसे बोअर करायचे, पहिला पीस काढल्यावर काय काय बघायचं, सगळं तेच सांगतात. त्यांचं एक वाक्य पोरांच्या तोंडात बसलंय (इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं, बदलता येणारं टोक), "इन्सर्ट बोलायला लागला की बदल, तुटायची वाट बघू नको." आणि खरंच, त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा मशीन ठोकत नाही सहसा.

आता भानगड अशी की आमचा इन्सेंटिव्ह मशीनवर आहे, माणसावर नाही. एका जॉबचा सायकल टाइम ४ मिनिटं, नॉर्म (एका शिफ्टला ठरलेलं काम) ९५ पीस, त्याच्या वर जितके ओके पीस तितके ५ रुपयांनी. नाना एकटे चालवतात तेव्हा आरामात १०८-११० काढतात, म्हणजे महिन्याला साधारण १७५० रुपये वर. पण शेजारच्या मशीनवर नवीन पोरगा असला की दर पंधरा मिनिटांनी "नाना जरा बघता का", नाना जातात, इकडं त्यांचं मशीन दार उघडून उभं, मग पीस ९०-९२ आणि इन्सेंटिव्ह शून्य. आणि त्याच महिन्यात तो पोरगा ७८ वरून १०१ वर गेला, त्याला इन्सेंटिव्ह! मला हे तीन महिने लक्षातच आलं नाही, पगारपत्रकावर सही करताना आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा पोटात गोळा आला राव.

अप्रेंटिसच्या स्टायपेंडमध्ये २०१६ च्या योजनेपासून सरकारही वाटा उचलतं, पोराचा हिशेब आहे, मशीनचा हिशेब आहे, कूलंटचासुद्धा आहे. शिकवणाऱ्याचा रकाना मात्र आमच्या कुठल्याच रजिस्टरला नाही.

मालकांना सांगितलं. माणूस वाईट नाही, लगेच म्हणाले खंडेनवमीला मशीनची पूजा असतेच, तेव्हा नानांना शाल-श्रीफळ देऊ, सर्टिफिकेट देऊ, गेटजवळ फोटो लावू. मी उत्साहात नानांना सांगायला गेलो तर ते हसले आणि म्हणाले, "साहेब, फोटो माणूस गेल्यावर लावतात." आणि त्या आठवड्यापासून पोरांनी हाक मारली की म्हणतात "सुपरवायझरला विचार." भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं थांबले. रिजेक्शन (बाद पीस) लगेच वर गेलं, एक बोअरिंग बार तुटला, तो वेगळाच खर्च.

अजून एक आहे. फायनल इन्स्पेक्शनला एक ताई आहेत, ११ वर्षं. मायक्रोमीटर आवळायचा नाही, रॅचेटची टकटक ऐकायची आणि थांबायचं, बोअर गेज हलवून सगळ्यात कमी रीडिंग कुठं येतं ते बघायचं, हे सगळ्या पोरांना त्यांनीच शिकवलंय, मलासुद्धा. इन्स्पेक्शनला इन्सेंटिव्हच नाही त्यामुळं त्यांचं काही बुडत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षातही येत नाही.

तर प्रश्न: शिकवण्याचं मोजायचं कसं? पैसे द्यायचे तर कशावर, तासांवर की पोरांवर? आणि ज्यांना "मी पण शिकवतो" म्हणायचंय पण जे पोरांना फक्त चहा आणायला पाठवतात (आहेत असे दोन), त्यांचं काय करायचं?

चाकणकर:

तुमच्याकडे स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) असेलच ना भिंतीवर, चार भागांचे गोळे रंगवलेला? ऑडिटला दाखवायलाच लागतो. बऱ्याच ठिकाणी पूर्ण भरलेला गोळा म्हणजे "स्वतः करतो आणि दुसऱ्याला शिकवू शकतो". आम्ही तेच धरलं, चौथा भाग भरलेल्याला महिन्याला ठराविक भत्ता. पहिले सहा महिने झकास. नंतर बघतो तर अर्ध्या शॉपचे गोळे पूर्ण काळे, कारण गोळा रंगवणारा सुपरवायझर आणि चहाला सोबत बसणारा ऑपरेटर, कोण कुणाला नाही म्हणणार! म्हणून आता नियम केलाय की शिकलेल्या माणसानं दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरसमोर सेटिंग करून दाखवायचं, त्यानं सही केली तरच शिकवणाऱ्याचं खातं उघडतं. चहावाले आपोआप गळाले.

हिंजवडी_ट्रॅफिक:

आमच्याकडे ॲप आहे, कुणी मदत केली की त्याला पॉइंट पाठवायचे, पॉइंट साठले की व्हाउचर. मी दोन वर्षांत मिक्सर घेतला. फक्त खरं सांगू का, मला ज्यानं खरं काम शिकवलं त्याला मी एकही पॉइंट पाठवलेला नाही, कारण ते सगळं टपरीवर झालं आणि पॉइंट जातात मीटिंगमध्ये "ग्रेट जॉब" म्हणणाऱ्याला. तुम्ही या भानगडीत पडू नका.

सुपरवायझर_बी_शिफ्ट:

@हिंजवडी, नानांचा फोन बटणांचा आहे 😀 ॲप बादच.

@चाकणकर, दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरची आयडिया भारी आहे, पण आमच्याकडे ए शिफ्टवाला आणि मी यांचं... असो, बघतो.

वॉर्ड_नंबर_७:

मी नाशिकला हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे, तुमच्या मशीनमधलं मला काही कळत नाही पण दुखणं ओळखीचं आहे. नवीन मुलगी आली की तिला सीनियरबरोबर जोडून द्यायचं आणि सीनियरला पेशंट मात्र तेवढेच, मग ती शिकवणार कधी? शेवटी ती मुलीला म्हणते तू बाजूला हो मीच लावते सलाइन, कारण ते लवकर होतं. आम्ही भत्ताबित्ता नाही देऊ शकलो, आमच्या हातात नाही ते, पण मी एवढं केलं की जिच्याबरोबर नवीन मुलगी तिला त्या पाळीत दोन पेशंट कमी, आणि ड्यूटी लिस्टवर तिच्या नावापुढं तसं लिहायचं म्हणजे बाकीच्या "हिला का कमी" म्हणून कुजबुजत नाहीत. लिहिणं महत्त्वाचं आहे हं. तोंडी सवलत दिली की ती मेहेरबानी होते आणि मेहेरबानी घेताना चांगल्या माणसाला लाज वाटते. तुम्ही पैसे द्यायचा विचार करताय, आधी नानांचं पीसचं ओझं उतरवा.

जुना_बावटा:

तीस वर्षं युनियनमध्ये काढली, आता रिटायर, कोल्हापूर. दोन गोष्टी सांगतो, दुसरी कडू आहे.

पहिली, भत्ता सुरू करणार असाल तर कशासाठी, किती, कधीपर्यंत आणि कधी थांबणार हे लेखी ठरवा आणि बोर्डावर लावा. सुरू केलेली सवलत नंतर वाटेल तेव्हा काढून घेता येत नाही, सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते, ते औद्योगिक विवाद कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. "पोरगा शिकत असेपर्यंत" असं पहिल्या दिवशी लिहिलेलं असलं की पुढं भांडण नाही.

दुसरी. तुमचे नाना फक्त १७५० रुपयांसाठी थांबलेत असं मला वाटत नाही. आमच्या काळात जुन्या माणसाकडून पोरांना शिकवून घ्यायचं आणि पोरं तयार झाली की जुन्याला व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) कागद पुढं करायचा, हे मी डोळ्यानं बघितलंय. ५२ वर्षांचा माणूस हा हिशेब मनात करतोच करतो. अप्रेंटिसचा स्टायपेंड किती आणि नानांचा पगार किती, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं पाठ असेल. शाल दिली की त्याला ती निरोपाची वाटणार, मग फोटोचं बोलला त्यात नवल काय!

आणि त्या ताईंचं कागदावर पद काय आहे ते बघा जरा. मला वास येतोय.

क्वालिटीवाला_मास्तर:

मोजायचं कसं याबद्दल. तास मोजू नका, तासांचं रजिस्टर शनिवारी संध्याकाळी एकदम भरलं जातं हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवखी माणसं भरावी लागली तेव्हा जॉब इन्स्ट्रक्शन म्हणून पद्धत काढली होती, पुढं ती जपानात गेली, टोयोटानं उचलली. त्यात एका कामाचा एक कागद: मुख्य पायऱ्या, प्रत्येक पायरीतला कळीचा मुद्दा, आणि तो मुद्दा का. शिकवताना आधी माणसाला तयार करायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घेताना त्यालाच बोलायला लावायचं, मग एकटं सोडायचं पण येऊन बघत राहायचं. तुमच्या नानांचं "इन्सर्ट बोलायला लागला" हा कळीचा मुद्दाच आहे, तो कागदावर आणा आणि खाली "सांगणार: नाना" लिहा. लिहायचं तुम्ही, त्यांना पेन हातात देऊन बसवू नका, वैतागतील.

मग पैसे कागदावर आणि पास झालेल्या पोरावर देता येतात. अर्धे पोरगा एकटा सेटिंग करायला लागला की, अर्धे तीन महिन्यांनी त्याचं रिजेक्शन बघून.

पुणेरी_पाटी:

कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो, त्याला अर्ज करा की नानांचा.

एक_वाचक:

एवढी चर्चा झाली. नानांना विचारलंत का काय हवंय?

सुपरवायझर_बी_शिफ्ट:

@एक_वाचक, नव्हतं विचारलं. तुमची ओळ वाचून खरंच खजील झालो. मालकांशी तीनदा बोललो, इथं पानभर लिहिलं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस माझ्यापासून वीस फुटांवर उभा असतो.

काल शिफ्ट संपल्यावर टपरीवर गेलो दोघं. पहिली दहा मिनिटं नुसतं "सगळं बरंय साहेब". मग मी पगारपत्रकाचे आकडे सांगितले, म्हटलं चूक माझी आहे, मला आधी दिसायला हवं होतं. मग बोलले. @जुना_बावटा, तुम्ही म्हणालात तेच, शब्द वेगळे. म्हणाले, "पोरगं हुशार निघालं की मला बरंबी वाटतं अन भ्याबी वाटतं." मी म्हटलं मालकांच्या मनात तसं काही नाही, तर म्हणाले "आज नाही."

आणि मागितलं काय, ऐका. पैसे नंतर, पहिली गोष्ट म्हणजे कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलेलं जुनं सीएनसी लेथ. त्याचा टरेट (हत्यारं धरून फिरणारा भाग) अडकतो म्हणून दोन वर्षं बंद आहे. ते दुरुस्त करा, पोरांना तिथं शिकवतो, माझ्या मशीनवर पोरगं उभं केलं की माझं लक्ष चार ठिकाणी, पोरालाही पीसची घाई, घाईत काय शिकणार. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नसतं.

ताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या इनाम वगैरे राहू द्या, "माझ्या पगाराच्या स्लिपवर अजून हेल्पर आहे, ते तेवढं बदला. पोरीच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहिताना दरवेळी नको वाटतं." मी जाऊन बघितलं, खरंच हेल्पर, अकुशल. अकरा वर्षं. बाकीच्यांना गेज शिकवणारी बाई कागदावर अकुशल!

जुना_बावटा:

तरी म्हटलं वास येतोय. किमान वेतनाच्या यादीत अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगळे दर असतात, काम कुशलचं आणि कागद अकुशलचा हा नुसता मानाचा प्रश्न नाही, फरकाच्या रकमेचाही आहे. मालकांना आधी शांतपणे समजावा, बाहेरून कुणी समजावायला आलं तर महाग पडेल. शाल नंतर द्या.

वॉर्ड_नंबर_७:

ताईंचं वाचून घशात आलं काहीतरी. बदल झाला की इथं नक्की कळवा.

सुपरवायझर_बी_शिफ्ट:

अपडेट देतोय, बारा दिवसांनी. ताईंचं पद बदललं, याच महिन्यापासून "क्वालिटी इन्स्पेक्टर", दर कुशलचा. मागच्या फरकाबद्दल मालक "बघू" म्हणालेत, मी विषय सोडलेला नाही.

नानांचं: पोरगा सोबत असेल त्या दिवशी नॉर्म लावायचा नाही, मागच्या तीन महिन्यांची सरासरी धरून इन्सेंटिव्ह. म्हणजे मी तीन महिने म्हणालो आणि मग लक्षात आलं की मागचे तीन महिने तर शून्याचेच आहेत, नानांनीच दाखवून दिलं, मग त्याच्या आधीचे धरले. लेखी, बोर्डावर, संपण्याच्या अटीसकट. कागद करायला बसलोय, चार झालेत, नाना सांगतात मी लिहितो, मध्येच "असं नाय लिहायचं, पोरगं हसंल" म्हणून खोडायला लावतात. नोकरीची भीती जाईल असं मात्र माझ्याकडं काही नाही, खोटं आश्वासन दिलं नाही.

लेथचं अडलंय. टरेटच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकांनी फाइल बाजूला सरकवली. तर आता नवीन मदत हवी आहे: भोसरी-पिंपरी भागात जुन्या मशीनचा टरेट वाजवी पैशात करून देणारा कुणी माहितीतला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इंडेक्सिंगला (हत्यार बदलायला फिरताना) अर्ध्यात थांबतो, अलार्म येतो, सेन्सर बदलून झालाय.