विजया तेल आणि 'इम्युनिटी': जाहिरात नेमकी उलटी नाही का?

खडूस_पाटील
विजया म्हणजे भांग-गांजाचं झाड. त्याच्या तेलाच्या जाहिरातीत 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' असं बिनधास्त ठोकून देतात. वाढवते? या झाडातल्या टीएचसीला, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाला, शरीरात दोन मुख्य रिसेप्टर (पेशींवरच्या ज्या जागांना तो चिकटतो त्या) आहेत. सीबी-१ बहुतेक मेंदूत. सीबी-२ चा शोध १९९३ साली लागला, तो प्लीहेतल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींत, म्हणजे थेट प्रतिकारयंत्रणेत. प्रयोगशाळेत तो रिसेप्टर चेतवला की टी-पेशींची (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) वाढ मंदावते, दाह भडकवणारी रसायनं कमी स्रवतात. याला दाबणं म्हणतात. सीबीडीचा (याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाचा) मार्ग वेगळा, पण त्याचाही कल दाह शमवण्याकडेच.

आमवाती
असहमत. म्हणजे जाहिरात खोटी हे मान्य, पण सूर पटला नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठलीय त्यांना दाबणंच हवं असतं. आम्ही मेथोट्रेक्सेट घेतो ते कशासाठी?

खडूस_पाटील
मेथोट्रेक्सेटवर दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. तेलावर कोण तपासतं?

लिंबूटिंबू
@आमवाती, इस्रायलमधली २०१३ची क्रोन्सची (आतड्याच्या दाहाच्या आजाराची) चाचणी बघा. फक्त २१ रुग्ण, आठ आठवडे. टीएचसीवाल्या सिगारेटी ओढणाऱ्या ११ पैकी १० जणांची लक्षणं कमी झाली, नकली सिगारेटवाल्या १० पैकी ४ जणांची. भूक सुधारली, झोपही. पण दाहाचा निर्देशक सीआरपी? फारसा हलला नाही. बरं वाटलं, आग तशीच.

आमवाती
रात्रभर बोटं ठणकत असताना 'बरं वाटणं' ही क्षुल्लक गोष्ट नसते हो.

सदाशिवपेठी
दोन्ही बाजूंनी जरा जास्तच ताणताय. 'दाबते' हेही माणसांत इतकं सरळ दिसलेलं नाही. अमेरिकेत एचआयव्ही रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २००३ साली आले. २१ दिवस गांजा ओढूनही विषाणूंचं प्रमाण वाढलं नाही, सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारपेशी) घटल्या नाहीत.

खडूस_पाटील
२१ दिवसच. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं काय, ते त्यातून कळत नाही.

लिंबूटिंबू
इम्युनोथेरपीवरच्या (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारावरच्या) कॅन्सर रुग्णांचं बघा मग. ते उपचार टी-पेशींच्याच जिवावर चालतात. २०२०चा अभ्यास, पुन्हा इस्रायल: गांजा घेणाऱ्यांचा आजार साधारण ३.४ महिन्यांत पुढे सरकला, न घेणाऱ्यांचा १३.१ महिन्यांत.

सदाशिवपेठी
ती निव्वळ निरीक्षणं होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. गांजा मुळात कोण मागतं? ज्याला वेदना जास्त, ज्याचा आजार पुढे गेलाय तो. त्यामुळे दोष गांजाचा की आजाराचा, हे सुटं करता येत नाही. तरी माझ्या घरी कुणी त्या उपचारावर असतं तर मी तेल देऊ दिलं नसतं, हेही खरं.

आमवाती
म्हणजे फिरून तिथेच आलात की!

सदाशिवपेठी
नाही. कॅन्सरच्या त्या रुग्णाला नको, तुम्हाला कदाचित चालेल. आणि मूत्रपिंड बदललेल्याला तर वेगळाच धोका. त्याच्या टॅक्रोलिमसचं (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचं) विघटन यकृतातली जी एन्झाइम करतात, त्यांना सीबीडी अडवतं; औषधाची रक्तातली पातळी चढते. दुर्बळ प्रतिकारशक्तीवाल्यांनी ओढायचं तर नावच काढू नये, वाळलेल्या गांजात अ‍ॅस्परजिलस बुरशी सापडते, ती फुप्फुसात जाते.

खडूस_पाटील
@आमवाती, तुमच्या बाटलीवर टीएचसी किती, सीबीडी किती, वेगवेगळं छापलंय?

आमवाती
बघून सांगतो. आणि पुढच्या वेळी सीआरपीही करून घेतो, पण बोटं ऐकणार नाहीत त्याचं.