जिप्सीला कोणता कॅमशाफ्ट घ्यावा? आयडलवरील व्हॅक्यूमची काळजी वाटते

खानापूरकर : नमस्कार मंडळी. माझ्या १.३ लिटर एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीच्या हेडचे काम निघाले आहे. हेड उतरवायचेच आहे, तर त्याच खर्चात २७२ अंशांचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा; अंश जितके जास्त, तितके व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे) बसवावा असे मनात आहे. दर आठवड्याला चोर्ला घाटाने गोव्याला जाणे असते. बजेट १५,००० रुपये असून त्यापुढे जाणे शक्य नाही. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना, व्हॅक्यूम (इंजिनाची हवेची ओढ, जिच्यावर ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो) कितपत घटेल आणि ब्रेकचे काय होईल, हे कृपया सांगावे.

टिळकवाडीचा स्वार : दादा, २७२ वर थांबू नका. माझ्या गाडीत २८८ अंशांचा कॅम आहे आणि इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर ती अशी सुटते की शेजारी बसलेला माणूस दांडी घट्ट धरतो. सोबत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) ट्युनिंगही करून घ्या. आयडल मात्र १,२०० वर ठेवावे लागते. रेल्वे फाटकाच्या रांगेत गाडी उभी असली की आरसा इतका थरथरतो की मागचे वाहन ओळखू येत नाही, पण त्याची सवय होते.

निपाणीकर : कृपया हा सल्ला ऐकू नका. मीही असाच मोठा कॅम बसवला होता. तवंदी घाटात मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, दोनदा ब्रेक दाबला आणि तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे कडक झाले. दोन्ही पाय देऊन गाडी कशीबशी थांबवली. नंतर गेज लावला, तर आयडलवर जेमतेम ११ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम होता. त्याच आठवड्यात मूळ कॅम परत बसवला.

उद्यमबागचा लेथवाला : कारण समजून घेतले, तर निर्णय सोपा होईल. मोठ्या कॅममध्ये इनटेक (मिश्रण आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू सोडणारे) व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. आयडलवर इनटेक मॅनिफोल्डमधील दाब एक्झॉस्टपेक्षा कमी असल्याने जळालेला वायू उलट इनटेकमध्ये शिरतो. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन थोडे मिश्रण परत ढकलतो. इंजिन बंद पडू नये म्हणून जास्त हवा द्यावी लागते आणि व्हॅक्यूम पडतो. मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरला तो वाढलेला दाब म्हणजे वाढलेला भार वाटतो, म्हणून पेट्रोलही जास्त जाते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि दर ३०० मीटरला गेजचे रीडिंग साधारण एक इंचाने घटते. पणजीत २० इंच दाखवणारे निरोगी इंजिन इथे साडेसतराच दाखवेल. म्हणजे कॅम बदलण्याआधीच आपण अडीच इंच गमावलेले असतात. मी २५६ अंशांचा, लोब सेपरेशन (कॅमवरील इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधला, म्हणजे लोबमधला कोन) ११२ अंशांच्या आसपास असलेला कॅम घेईन, कारण सेपरेशन जास्त असेल तर ओव्हरलॅप कमी राहतो.

निपाणीकरांच्या बाबतीत मूळ चूक न्यूट्रलची होती. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडून उतरले असते, तर त्याच कॅमवरही बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळाला असता.

चिक्कोडीचा गडी : अॅडजस्टेबल कॅम गिअर (कॅम थोडा पुढे-मागे फिरवू देणारे चाक) बसवा आणि ओव्हरलॅप हवा तसा कमी करा. एवढ्यासाठी कॅम बदलण्याची गरजच नाही.

उद्यमबागचा लेथवाला : भाऊ, या इंजिनात १६ व्हॉल्व्ह असले तरी कॅमशाफ्ट एकच आहे. गिअर फिरवला की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही लोब एकत्रच सरकतात, ओव्हरलॅप आहे तेवढाच राहतो. तुम्ही म्हणता ते दोन कॅमच्या इंजिनात जमते.

चिक्कोडीचा गडी : मान्य आहे, पण गिअर पुढे केल्यावर खालच्या फेऱ्यांवर ओढ सुधारते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

निपाणीकर : ओढ सुधारत असेल, प्रश्न ब्रेकचा आहे. मूळ कॅमच ठेवा.

हलगेकर : व्हॅक्यूमची टाकी बसवा, एकेरी व्हॉल्व्हसह. माझ्या भावाने बसवली आहे.

उद्यमबागचा लेथवाला : टाकीतला साठा चार-दोन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो, उताराच्या रस्त्यावर तो भरवशाचा नाही. खरा उपाय इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप आहे, पण तो यांच्या बजेटमध्ये बसणार नाही.

खानापूरकर : सर्वांचे मनापासून आभार. उद्यमबागच्या काकांचा २५६ चा सल्ला पटला, तरीही मी २७२ च घेत आहे. पुढील महिन्यात पैसे जमवून पंप घेईन आणि तो बसेपर्यंत जिप्सी घाटात नेणार नाही, गोव्याला बसने जाईन. आज मूळ कॅमवर गेज लावून पाहिला : ८५० फेऱ्यांवर १७ इंच, सुई स्थिर. नवा कॅम बसल्यावर त्याच जागी, त्याच गेजवर घेतलेले रीडिंग इथेच लिहीन.